गाठ नसलेलं पुडकं

दोऱ्याने बांधलेलं कुठलंही पुडकं हातात आलं की मी आधी गाठ शोधतो. मिठाईचा खोका असो, नाहीतर लग्नाच्या अहेराचं पाकीट. बायको हसते आणि म्हणते, नोकरी सुटली तरी खोड सुटली नाही. या खोडीमागे एक प्रकरण आहे. ते मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही, कारण त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही. पण विसरलो म्हणावं, तर तेही खरं नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी नाशिक ग्रामीणच्या स्थानिक गुन्हे शाखेत उपनिरीक्षक होतो. त्या वर्षी जिल्ह्यात गोळीबाराचे दोन प्रकार लागोपाठ झाले. विंचूरला कांद्याच्या एका व्यापाऱ्याला धमकावण्यासाठी त्याच्या गाळ्यासमोर हवेत गोळी झाडली गेली. पुढे महिन्याभरात पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसवर मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या मांडीत गोळी घुसली. माणूस वाचला, पण पाय कायमचा अधू झाला.

पिंपळगावचे दोघे हल्लेखोर आठवड्यात सापडले. त्यांच्याकडे एक गावठी कट्टा आणि कागदात गुंडाळलेली काडतुसांची दोन पुडकी मिळाली. कट्ट्याचं आम्हाला फार नवल नव्हतं. कट्टा बाहेरच्या राज्यातून येतो, येतच राहतो. अडतं ते काडतुसावर. काडतूस परवान्यावर आणि मोजून मिळतं. आम्ही एक पुडकं फोडून त्यातली काडतुसं आणि ठेकेदाराच्या मांडीतून काढलेली गोळी मुंबईच्या प्रयोगशाळेकडे पाठवली. दुसरं पुडकं जसंच्या तसं कापडी पिशवीत घालून, लाखेचं सील करून मुद्देमाल खोलीत ठेवलं. प्रयोगशाळेचा पहिला निरोप आला तो असा, की पितळी पुंगळ्या कंपनीच्या आहेत, पण एकदा वापरून पुन्हा भरलेल्या. म्हणजे जिल्ह्यात कुणीतरी घरात बसून रिकाम्या पुंगळ्या भरत होता, वर नव्या गोळ्या बसवत होता, आणि मागेल त्याला देत होता. पकडलेल्या दोघांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. पुडकी एका दलालाने आणून दिली होती आणि तो दलाल फरार होता.

एसपी साहेबांनी आमच्या निरीक्षकांना बोलावून घेतलं, निरीक्षकांनी मला. "ठेकेदार वाचला म्हणून आपण वाचलो," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला मुडदा पडेल. हा कारखाना मला पंधरा दिवसांत पाहिजे."

बाराव्या दिवशी खबर आली. सिन्नरचा एक भंगारवाला माझा जुना खबरी होता. त्याने एसटी स्टँडवरच्या बूथवरून फोन केला.

"फौजदार साहेब, इथल्या एमआयडीसीत एक टर्नर हाय. ड्युटी सुटली का घरी लेथ चालवतो. त्याच्या पत्र्यावर काळ्या पोलादाचा गुटका पडेल हाय, मधी गोळीएवढी पोकळी. म्या डोळ्यांनी पाह्यला."

खबर स्टेशन डायरीला घेतली, दोन पंच घेतले आणि दुपारी सिन्नर गाठलं. दोन खोल्यांचं घर, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये छोटा लेथ. टर्नर जेमतेम चाळिशीचा, कारखान्यात पंधरा वर्षं झालेला, दोन मुलींचा बाप. मुसलमान होता. हे मुद्दाम लिहितो, कारण त्याचं नाव कळल्यावर आमच्या पथकातल्या दोघातिघांना पुराव्याची गरजच उरली नाही. मी त्या दोघातिघांत नव्हतो असं म्हणायला मला आवडलं असतं.

गुटका मिळाला. पोकळी मोजली, तर गोळीच्या मापाला जवळपास तंतोतंत. पंचनामा झाला, अटक झाली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली. त्याच संध्याकाळी निरीक्षकांनी वार्ताहरांना बोलावलं आणि सकाळच्या पेपरात टर्नर नावानिशी, गावानिशी झळकला.

चौकशीला मीच बसलो. वाटलं होतं, तासाभराचं काम आहे.

"गुटका कुणासाठी केला?"

"एक म्हातारा आलता साहेब. म्हनला, धरनावर मासे धरायच्या जाळ्याला शिशाची वजनं वतायची हायेत. कागदावर आकृती काढून आनली व्हती. पयला गुटका केला त्यो त्यानं केसाएवढा फरक हाय म्हनून माघारी केला. दुसरा घेऊन गेला. तुम्हाला गावला त्यो पयला."

"नाव?"

"नाय सांगितलं. बोटं काळी व्हती, नखाच्या कडंनी. आन् एक गोष्ट लय इचित्र. मी टेबलाच्या अल्याड बसून चिठ्ठीवर माप लिहित व्हतो, त्यो पल्याड उभा. त्यानं उलटंच वाचलं आन् म्हनला, दुसरा आकडा चुकला. समोरून उलटं कोन वाचतं एवढं झरझर?"

मी ऐकून घेतलं नाही. म्हातारा, काळी बोटं, उलटं वाचणं. आरोपी सापडला की त्याला नेहमी असा एखादा अनोळखी म्हातारा आठवतो. मी पुडक्यातल्या काडतुसांबरोबर सुटी मिळालेली एक गोळी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. ती पाहून तो कोसळेल, हा माझा हिशेब होता.

तो कोसळला नाही. त्याने गोळी उचलली, उजेडाकडे धरली, बोटांत फिरवली. नखाने ओरखडली. मग टेबलावर वीतभर उंचीवरून टाकली आणि कान दिला. चार माणसांनी घेरलेला, रात्रभर न झोपलेला माणूस, पण त्या क्षणी तो कोठडीत नव्हता, आपल्या शेडमध्ये होता.

"ही लेथवरची नाय साहेब," तो म्हणाला. "लेथवर काढली तर अंगावर बारीक गोल रेघा ऱ्हातात. ही वतलेली हाय. आन् नुसतं शिसं बी नाय. शिसं नखानं निघतं, हे नाय निघत. आवाज बी येगळा. यात दुसरं काय तरी मिळवलेलं हाय. म्या गुटका केला आसंल साहेब, पन ही माझ्या घरात झाली नाय."

"तुला एवढं कसं रे माहीत?" मी विचारलं.

त्याने गोळी माझ्याकडे सरकवली. मी खुर्चीवरून उठलो आणि त्याच्या कानफटात मारली. इतकं सगळं माहीत असलेला माणूस निर्दोष कसा असेल, हेच माझ्या डोक्यात होतं. त्यानंतर त्याने धातूबद्दल एक शब्द काढला नाही. विचारलं तर "मला नाय ठावं" एवढंच.

त्याची बायको रोज पहिल्या एसटीने डबा घेऊन यायची आणि ठाण्याच्या आवारातल्या बाकावर दिवसभर बसायची. रडायची नाही, कुणाच्या पाया पडायची नाही. मी आत-बाहेर केलं की माझ्याकडे बघायची. ते बघणं मला नको व्हायचं, म्हणून मी मागच्या दाराने जाऊ लागलो.

कोठडीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. तज्ज्ञ वयस्कर होते, बोलायला मोकळे.

"अहवाल टपालाने येईल, पण तोंडी ऐका," ते म्हणाले. "गोळ्या साच्यात ओतलेल्या आहेत, लेथच्या नाहीत. आणि निव्वळ शिसं नाही. कथील आहे, अँटिमनी आहे, म्हणून कडक झालंय. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दहाच्या दहा गोळ्या वजनाला सारख्या. एकीवर सुरकुती नाही, एकीला बुडबुडा नाही. ओतताना दहातल्या चार तरी बिघडतात. म्हणजे हा माणूस ओततो किती आणि निवडतो किती बघा. गुंडाचं काम नाही हे. कुणातरी हट्टी माणसाचं आहे."

ओतलेली आहे, लेथची नाही. नुसतं शिसं नाही. दोन दिवसांपूर्वी हीच वाक्यं मी माझ्या समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकली होती आणि त्याचं बक्षीस म्हणून त्याला थोबाडीत दिली होती.

"असला मिश्र धातू मिळतो कुठे?" मी विचारलं.

"बऱ्याच ठिकाणी. जुन्या बॅटऱ्या, मशिनची बेअरिंगं, छापखान्यातले खिळे. शोधा."

उद्या चौथा दिवस. उद्या दुपारी टर्नरला न्यायालयात उभं करायचं होतं, आणि निरीक्षकांनी वाढीव कोठडीचा अर्ज टाइप करायला दिला होता. त्यांना मी फोनचं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"गुटका त्याच्याच घरात सापडला ना? मग? ओतली कुणी हे तोच सांगेल. पेपरात देऊन झालंय. आता माघार घेऊन तोंड कुठे लपवायचं?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण मला बसवेना. मी मुद्देमाल कारकुनाला बोलावलं, पंच बोलावले आणि दुसऱ्या पुडक्याचं सील फोडलं. का फोडलं, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. काहीतरी राहून गेलंय एवढंच वाटत होतं.

पिशवीतून पुडकं निघालं. छपाईच्या कोऱ्या कागदात गुंडाळलेलं, भोवती पांढऱ्या दोऱ्याचे पाच-सहा वेढे, एकमेकांना चिकटून, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. पहिल्या पुडक्याचा दोरा हवालदाराने ब्लेडने कापला होता, म्हणून तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता मी सोडायला गाठ शोधली. गाठ नव्हती. पुडकं फिरवून फिरवून पाहिलं. दोऱ्याचं टोक एका कोपऱ्यावर वेढ्यांखाली खोचलेलं होतं. मी टोक धरून ओढलं आणि सगळा दोरा सरसर सुटून माझ्या हातात आला. आतलं एक काडतूस हललं नाही.

कारकून म्हणाला, "गाठ मारायला विसरला वाटतं."

विसरला नव्हता. हे मी पूर्वी पाहिलेलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला ठाण्याचे समन्सचे फॉर्म छापून आणायचं काम माझ्याकडे असे, आणि छपाई होईपर्यंत मी छापखान्यातल्या स्टुलावर बसून राही. समोर जुळारी उभा. शिशाचे खिळे उचलून एक एक अक्षर जुळवायचं, पान पुरं झालं की भोवती दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची नाही, टोक कोपऱ्यात वेढ्याखाली खोचायचं. मी एकदा त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, गाठ सोडताना धक्का बसतो आणि दिवसभर जुळवलेलं पान क्षणात सांडतं. ज्याने आयुष्यभर असा दोरा खोचला, तो काडतुसांच्या पुडक्याला तरी गाठ कशी मारेल? आणि शिशाच्या खिळ्यांनी बोटं काळी होतात. आणि खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात. जुळाऱ्याला सरळ वाचण्यापेक्षा उलटं वाचायची सवय जास्त. टर्नरने मला सगळा माणूस सांगितला होता, फक्त नाव तेवढं सांगायचं राहिलं होतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

निरीक्षकांना सांगितलं तर ते हसले. "सुतावरून स्वर्ग गाठणार तुम्ही!"

"साहेब, उद्या दुपारपर्यंत वेळ द्या. नाही मिळालं काही, तर अर्जावर मीच सही करतो."

त्यांनी मानेनेच होकार दिला. अर्ज मात्र टाइप करून तयार ठेवला.

ते दिवस जुन्या छापखान्यांचे शेवटचे होते. कॉम्प्युटर आले, ऑफसेट आलं आणि नाशकात एकामागून एक खिळ्यांचे छापखाने बंद होत होते. मी आणि एक हवालदार साध्या कपड्यांत रविवार कारंजापासून भद्रकालीपर्यंत फिरलो. चार ठिकाणी खिळे भंगारात गेले होते. पाचव्या ठिकाणी मालक म्हणाला, "भंगारवाल्याला देणारच होतो, पण आमच्या फोरमनने हात जोडले. म्हणाला, माझ्या डोळ्यांदेखत वितळवू नका, मला द्या. तीस वर्षं त्याच खिळ्यांवर उभा होता बिचारा. दिले देऊन, खणांच्या लाकडी केसेससकट." फोरमन मखमलाबादच्या रस्त्याला राहायचा. दोन मुलं पुण्याला, बायको वारलेली, घरात एकटा.

हद्द शहराची, म्हणून तिथल्या ठाण्यात नोंद केली, पंच घेतले आणि चौथ्या दिवशी सकाळी नऊला त्याचं दार वाजवलं. मनात धाकधूक होतीच. घरात बंदुकीची दारू असणार, चूल पेटलेली असणार, आणि म्हातारा बिथरला तर आम्ही सगळे त्या खोलीत. हवालदाराला मी मागच्या खिडकीशी उभं केलं.

दार त्यानेच उघडलं. स्वच्छ धोतर, चष्मा, बोटांची टोकं काळी. मी ओळख सांगितली. तो बाजूला झाला आणि म्हणाला, "चपला बाहेर काढा. आत धूळ नको."

आतल्या खोलीत भिंतीला खिळ्यांच्या दोन केसेस तिरप्या लावलेल्या होत्या, छापखान्यात असतात तशाच. ज्या खणांत पूर्वी अक्षरं असायची, त्या खणांत गोळ्या होत्या. वजनाप्रमाणे, आकाराप्रमाणे, खण न् खण वेगळा. शेजारी सोनाराचा काटा. कोपऱ्यात दोऱ्याने बांधलेली तीन पुडकी. एकालाही गाठ नव्हती. दारूचा डबा आणि शेगडी हवालदाराने आधी बाहेर अंगणात नेली, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

म्हातारा घाबरला नाही. उलट, मी एक गोळी उचलल्यावर त्याने ती माझ्या हातून घेतली.

"ही नका बघू. ही बाद आहे. बुडाशी खळगी दिसते का? पुन्हा वितळवायची." त्याने ती एका वाटीत टाकली आणि दुसऱ्या खणातली मला दिली. "ही बघा. शंभरातून साठ बाद करतो मी. खराब माल या हातून कधी गेला नाही."

सुरुवात एका परवानाधारक हौशी गृहस्थासाठी झाली होती. त्याला नेमबाजीच्या सरावाला काडतुसं पुरत नव्हती. त्याने पुस्तकं दाखवली, हत्यारं दिली, आणि रिकामे हात घेऊन बसलेल्या या माणसाला काम मिळालं. मग त्या गृहस्थाच्या ओळखीचा दलाल आला.

"ही कुणाला जातात, हे विचारावंसं वाटलं नाही?" मी म्हणालो.

"साहेब, जुळारी मजकूर वाचत नाही," तो शांतपणे म्हणाला. "लग्नपत्रिका असो की निधनवार्ता. खिळा सरळ बसला की नाही, एवढंच बघायचं असतं."

"पिंपळगावच्या ठेकेदाराच्या मांडीतून काढलेली गोळी याच खणातली आहे. तो माणूस आता काठीवर चालतो."

त्याने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग विचारलं, "वाकडी गेली होती का?"

चोवीस वर्षं झाली होती मला खात्यात. मुडद्याशेजारी बसून जेवलेलो मी, पण त्या प्रश्नाने माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी मला माझी स्वतःचीच लाज वाटली. मजकूर न वाचता खिळा बसवणारा तो एकटा नव्हता. समोरचा माणूस काय सांगतोय ते न ऐकता मीही त्याला प्रकरणात नीट बसवून टाकलं होतं.

दुपारी न्यायालयात वाढीव कोठडीचा अर्ज गेला नाही. टर्नरविरुद्ध पुरेसा पुरावा नाही असा अहवाल मी माझ्या सहीने दिला आणि कलम एकशे एकोणसत्तरप्रमाणे तो जातमुचलक्यावर सुटला. निरीक्षकांनी पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. दलाल आठवड्याभरात मिळाला, तो हौशी गृहस्थही. खटला उभा राहिला. टर्नरने ओळख परेडीत म्हाताऱ्याला ओळखलं आणि न्यायालयात आमच्या बाजूने साक्ष दिली. शिक्षा झाल्या, आणि माझ्या सेवापुस्तकात बक्षिसाची नोंद झाली.

पेपरात टर्नरच्या सुटकेची बातमी आली नाही. मी वार्ताहराला सांगितलं, तो म्हणाला, "सुटला यात बातमी काय?" कारखान्याने त्याला परत घेतलं नाही. मी स्वतः मॅनेजरला जाऊन भेटलो. त्याने चहा पाजला आणि "साहेब, लोक बोलतात" एवढंच म्हणाला.

सुटला त्या दिवशी मी आवारातल्या बाकापाशी गेलो होतो. माफी मागायची होती, पण वर्दीत ते शब्द लवकर येत नाहीत. मी म्हणालो, "तपासात असं होतं कधीकधी. आम्हाला विचारावंच लागतं."

टर्नरची बायको डब्याची पिशवी उचलत म्हणाली, "इचारलं तर तुम्ही लय, साहेब. ऐकलं कवा?"

दोघं एसटी स्टँडकडे चालत गेले. मी आत आलो आणि केस डायरी उघडली. पहिल्या दिवसाच्या चौकशीचं पान काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो. सहकार्य करीत नाही.' एवढंच. त्याच्या तोंडचं एक वाक्यही मी लिहून घेतलं नव्हतं. मागच्या तारखेची डायरी दुरुस्त करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पुढच्या सगळ्या नोकरीत मी आरोपीचं म्हणणं आधी त्याच्याच शब्दांत उतरवून घेत आलो, पटो न पटो. पण त्यामुळे ते पान काही भरलं नाही.

म्हणून ती नोंद इथे करतो. कोठडीचा पहिला दिवस, वेळ दुपारी सुमारे चार, सांगणारा सिन्नरचा टर्नर: "ही लेथवरची नाय साहेब. ही वतलेली हाय. आन् नुसतं शिसं बी नाय."